विधवेचं गायरान

मुक्काम वॉर्मिन्स्टर,
४ ऑक्टोबर १८१९

प्रिय केझायाताई,

तू आणि टॅमझिन खुशाल असाल. डोळ्यांमुळे तुला आता वाचवत नाही, म्हणून हे टॅमझिनच वाचून दाखवेल. पोरी, सावकाश वाच, आणि मामाचं मधलं काही गाळू नकोस.

इकडे परगण्याचा नकाशा पुरा होत आला. सहा वर्षं विल्टशरभर मोजणीची साखळी ओढत हिंडलो. पहाटे टेकडीवर दुर्बीण मांडून बसलं, की खाली नुसतं धुकं असतं आणि त्यातून चर्चचे मनोरे तेवढे वर आलेले, पाण्यात उभ्या बगळ्यांसारखे. त्यांच्यामधले कोन मोजताना वाटतं, खाली गावं नाहीतच. कुणाचं तरी स्वप्न मी कागदावर उतरवतोय.

ऑगस्टात अशीच तुमची वाडी दिसली. आमच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. धुराड्यातला धूर खाली आभाळात सांडत होता, आणि तू डोकं खाली, पाय वर अशी, दोरी चाचपत कपडे वाळत घालत होतीस. दुपारी मी टेकडी उतरलो.

होय ताई. नावं विचारत दाराशी आलेला, घसा बसलेला तो मोजणीदार मीच.

"त्या कुंपणापलीकडच्या रानाला काय म्हणतात, बाई?" मी विचारलं.

"मालक म्हणतो न्यू पार्क. आम्ही म्हणायचो विधवेचं गायरान. आमची गाय चरायची तिथं. मग एक मोजणीवाला आला, साखळी टाकली, आणि सगळं रान मालकाच्या घशात घातलं. परका असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या!"

"कोण होता?"

"माझ्या पाठचा भाऊ."

मग तू मला पाव आणि चीज दिलंस, आणि म्हणालीस, "ओल्या पायांनी हिंडू नका, साहेब. आमच्या ओबेडचा घसा त्यानंच बसायचा."

ओळखलं होतंस का गं? विचारायचं धाडस झालं नाही. चीज रुमालात बांधलं आणि परत टेकडी चढलो.

एक सांगायचं राहिलंय. ते सांगायचं म्हणून तर इतकं लिहीत बसलो. गायरान गेलं, गाय विकली, बाबा रस्त्यावर खडी फोडायला लागले आणि दुसऱ्या हिवाळ्यात गेले. तेव्हा मी कळवलं होतं, की लंडनला अडकलो, निरोप उशिरा मिळाला. ते खोटं होतं. मी दीड कोसावर दुसऱ्या एका जमीनदाराचं रान मोजत होतो. चर्चची घंटा ऐकली. दुर्बीण वळवली. बर्फावरून तुम्ही चौघं पाय वर करून चालत होतात आणि बाबांची शवपेटी तुमच्याखाली तरंगत होती. एका कोपऱ्याला माणूस कमी पडला होता. तिथं तू लागली होतीस.

मी डोळा हलवला नाही. आणि खालीही उतरलो नाही.

नकाशात त्या जागी मी 'विधवेचं गायरान' असंच घातलंय. मालकानं रागावून, आगाऊ वर्गणी भरून नकाशा घेणाऱ्यांच्या यादीतून नाव काढून घेतलं. काढो बापडा. तेवढ्यानं काही फिटत नाही, हे मला कळतं.

येत्या रविवारी प्रार्थनेनंतर मी येतोय. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन. हाकललंस तर जाईन, आणि पुढच्या रविवारी पुन्हा येईन.

बाबांना खांदा न दिलेला,
तुझ्या पाठचा
ओबेड