शंभराच्या वरचं पांढरं

३ डिसेंबर, बुधवार

कागदाला एकशेवीस! शंभरात! मला नववीत गणिताला चौतीस पडले, तितंच शाळा सुटली. आन ह्यो कागद एकशेवीस!

कागदाच्या मिलच्या लॅबात कैलासभाऊ मला पांढरेपणा मापायचा मीटर शिकवतात. लय हसले — "अगं, ब्राइटनेस येगळा. व्हाइटनेस हाय ह्यो. कागदात निळी झाक असली की शंभराच्या वर जातो."

नीळ! आई बादलीत टाकायची, बोटानं ढवळायची. त्यात माझा शाळेचा सदरा. "पांढरं दिसाया इवलं निळं लागतं, बाय." मग कडक ऊन. कान्हे गावात आमच्या आळीत सगळ्यात उजळ सदरा माझाच असायचा. आई जाऊन दोन वर्सं झाली. तिला मीटर दावला असता.

४ डिसेंबर

जेवणाच्या सुट्टीत ह्या वहीचं पान मापलं. ब्राइटनेस त्रेसष्ट! माझ्यापरीस बरं.

६ डिसेंबर, शनिवार

हौशीराम आबा कागदावरचा लेप कालवतात. रोज दारातनं इचारतात — "काय गं मुके, पास का आमी?" मी मान हलवते. आज हलवली न्हाई. त्यांच्या लॉटला एकशे अठराच. एकशेवीस पायजे. लॅबच्या अरुंधती मॅडम म्हणाल्या, "सोमवारी हेच नमुने परत मोजू, मग ठरवू."

निघताना नमुने खिडकीत उन्हाला ठेवले. आईसारखे. दोन आकडं तरी उजळतील. उद्या सुट्टी, दिसभर ऊन मिळंल. कुणाला बोलले न्हाई.

८ डिसेंबर

एकशे तीन!!

"आबा, दोन आकडे कमी चालले असते. सतरा? तुमचा लेप दोन दिवसही टिकला नाही. उद्यापासून तुम्ही गोदामात." मॅडमचा आवाज चढलेला. आबा नुसते हात पुसत राहिले. बोटांवर लेप वाळलेला.

कपाटात त्याच लॉटचा एक कागद उरलेला. गुपचूप मापला. एकशे अठरा! म्हंजी उन्हानंच खाल्लं. कापड उजळतं, कागद पिवळा पडतो. आईला तरी कुटं ठावं असंल!

मॅडमपुढं तीनदा गेले. तोंड उघडलं, आवाज न्हाई. फळ्यासमोर व्हायचं तसंच.

१० डिसेंबर

कालच्या तारखेचं पान हितं न्हाई. सगळं लिवून, फाडून, कपाटातल्या कागदासंगं मॅडमच्या टेबलावर ठेवलं. मला अजून बोलावणं न्हाई.

आबा परत लेपावर! दारात आले, म्हनले, "मुके, पानभर बोललीस की गं!"

त्रेसष्टाचं पान. पर वाचता आलं.