गणपतीच्या दिव्याची वायर

प्रिय सुहास,

आज मी इरासमोर सगळा दोष तुझ्या माथी मारला. तुझ्या अपरोक्ष, तुझ्याच मुलीसमोर. निदान तुझ्या कानावर घालावं म्हणून लिहायला बसलेय.

गाडीबद्दल आहे. अर्थात! तू गेल्यावर या घरातल्या निम्म्या कटकटी तिच्याच आहेत.

शनिवारी इरा तुझी जुनी स्टेशन वॅगन पहिल्यांदा एकटी घेऊन गेली. एकटीने चालवता येईल असं रिस्ट्रिक्टेड लायसन्स मिळाल्यापासून माझ्या मागे लागली होती. पाऊस होता, थंडी होती, त्यामुळे दिवे, वायपर, हीटर सगळंच चालू. हॉर्नबीतल्या आपल्या डेअरीपाशी, त्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी पोचते तोच डॅशबोर्डमधून धूर यायला लागला. तिने गाडी बाजूला घेतली, किल्ली फिरवून बंद केली, तरी धूर थांबेना. डेअरीतले पटेलकाका पाना घेऊन धावले, बॉनेट उघडून त्यांनी बॅटरीची वायर सोडवली, तेव्हा कुठे थांबला.

मी पोचले तर ही फुटपाथवर बसलेली, एका पायात रबरी चप्पल, दुसरी गाडीतच. म्हणाली, "आय ब्रोक बाबाज कार, आई. आय हॅड एव्हरीथिंग ऑन."

"तू धड आहेस ना? मग गाडी गेली खड्ड्यात," मी म्हटलं. पण तिने ते ऐकलंच नाही.

डॅशबोर्डवरचा तो चार्जिंगचा मीटर आठवतो? आठवतो काय, तुझा जीव होता त्याच्यावर! एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे, मधे काटा. गाडी सुरू झाली की काटा अधिककडे झुकायचा आणि तू आम्हा दोघींना तो बघायला लावायचास. "बघा, बघा, चार्ज होतेय!" आम्ही बघायचो. दुसरा इलाज काय होता?

जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या त्या म्हाताऱ्याने तुला माझ्यासमोर सांगितलं होतं. या मीटरमधून गाडीची जवळजवळ सगळी वीज जाते, मागचा नट ढिला झाला की तापतो, हा बाजूला काढ आणि व्होल्टमीटर बसव. तू काय म्हणालास? "ओरिजनल आहे. हात लावायचा नाही."

आणि मग स्वतःच हात लावलास.

पुण्याहून इकडे परत येताना तू तुळशीबागेतला तो छोटा गणपती आणलास, लाल दिवा लागणारा. डॅशबोर्डवर चिकटवलास आणि त्याची वायर ओढून घेतलीस थेट मीटरच्या मागून, कारण तिथे वीज हाताशी होती. मी विचारलं होतं, "याला फ्यूज नको का?" तू हसलास. "एवढ्याशा एलईडीला फ्यूज? तो खाऊन खाऊन किती वीज खाणार?" ऑफिसात सर्व्हर रूममधली एक वायर हलवायची तर तीन जणांची परवानगी घेणारा माणूस तू! घरी आलास की ती शिस्त कुठे जायची रे?

आज गाडीच्या इलेक्ट्रिशियनने डॅशबोर्ड उघडला. ग्रेग त्याचं नाव, भला माणूस आहे. आत बघून त्याने विचारलं, "हू डिड दिस?"

"माय हजबंड," मी म्हटलं.

"राइट," तो म्हणाला.

मग त्याने दाखवलं. जाड वायरीच्या नटाखाली तू ती बारीक वायर नुसती गुंडाळून दाबली होतीस. त्यामुळे नट घट्ट बसलाच नव्हता. हलत हलत ढिला झाला आणि एवढी वीज एकदम जायला लागल्यावर तापला. बारीक वायरीचं आवरण वितळलं आणि ती डॅशबोर्डच्या पत्र्याला टेकून शॉर्ट झाली. किल्ली बंद केली तरी तिथली वीज चालूच असते. फ्यूज असता तर तो उडून वायरीतली वीज तिथेच तुटली असती. फ्यूज दिव्यासाठी नसतोच, वायरीसाठी असतो. तुला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. तू कंटाळा केलास.

इरा बाहेर उभी होती. तीन दिवस ती धड जेवली नव्हती. परत कधी गाडीला हात लावणार नाही म्हणाली होती. तू गेल्यापासून तिने त्या गाडीतलं रेडिओ स्टेशनसुद्धा मला बदलू दिलेलं नाही, आणि तीच गाडी आपण जाळली असं ती धरून बसली होती.

"ओल्ड कार्स, इट हॅपन्स" असं सांगून मला सुटता आलं असतं. ग्रेगनेही हळूच तेच सुचवलं. तुझं नाव राहिलं असतं. पण मग तिच्या डोक्यातला दोष तिच्याच डोक्यात राहिला असता, आणि तो तिने जन्मभर वागवला असता.

मी तिला आत बोलावलं आणि ती काळी पडलेली वायर तिच्या हातात दिली.

"सो इट वॉजन्ट मी?"

"नाही गं. दिवे, वायपर लावायचेच असतात पावसात."

"इट वॉज बाबा?"

"हो. बाबा."

ती वायरीकडे बघत राहिली. मग एकदम ओरडलीच, "व्हाय वुड ही डू दॅट? आय कुड हॅव डाइड!" आणि रडायला लागली. तू गेल्यावर ती तुझ्यावर चिडलेली मी पहिल्यांदाच बघितली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? परत येताना तिने वाटेत फिश अँड चिप्स मागितले.

ग्रेगने जाड वायरी मीटरला वळसा घालून एकमेकींना जोडल्यात, बॅटरीशी फ्यूज घातलाय, शेजारी व्होल्टमीटर बसवलाय. तुझा मीटर जागेवरच आहे, फक्त त्याचा काटा आता हलणार नाही. पुढच्या आठवड्यात इरा गाडी चालवणार आहे, असं तिचं तिनेच सांगितलं.

तुला एक वचन देते. तुझा फोटो रोज पुसेन, तुझ्या तिथीला पुरणपोळी करेन, तुझे किस्से तिला सांगत राहीन. पण तिच्या जिवाचा प्रश्न आला तर मी तुला पाठीशी घालणार नाही. आज घातलं नाही, पुढेही घालणार नाही.

राग आला असेल तर ये आणि भांड माझ्याशी. तेवढ्यासाठी तरी ये.

तुझी,
मेधा