यंदा गावठी भेंडी लावायची की नाही

लाटंबार्से, माघातला शुक्रवार

आज उन्हाळी भाजीचा बेत लिहायला बसलो. वांगी, तांबडी भाजी, काकडी. गावठी भेंडीच्या जागी मात्र संकरित लिहिली. आमची सात शिरांची भेंडी बाजारात सगळ्यांत आधी संपते, पण तिची लव बोटांना फार टोचते. आणि इतकी वर्षं ती तोडली शुभांगीनेच. आजारपणातल्या औषधांनी तिच्या बोटांची कातडी अजून कांद्याच्या पापुद्र्यासारखी आहे. बायकोसाठी बी बदललं, त्यात चुकलं का माझं?

तिने वही ओढून वाचली. "आमची भेंडी खंय?"

"संकरित गुळगुळीत असता. तुका टोचूची नाय."

ती आपल्या बोटांकडे बघत राहिली. "माका विचारलात तरी?"

नव्हतं विचारलं.

मग म्हणाली, "तोडूक तुमी जावा. विकूक मी बसतलंय."

पावसाळ्यापासून ती अंगणाबाहेर पडलेली नाही. आणि आज स्वतःहून बाजाराचं नाव! संकरित खोडून मी लिहिलं: गावठी भेंडी, वाफ्यात दोन ओळी. तिने पेन घेऊन दोनाच्या चार केल्या.