शिळं आणि नासकं

मॅडम, विभागाच्या उद्दिष्टांमधली तुमची पहिली ओळ काल काढून टाकली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला पाहिलेला विभागात आता मी एकटाच उरलोय, त्यामुळे हे कळवायचं कामही माझंच.

ओळ साधी होती. 'शिळे आणि नासके यांतला फरक विद्यार्थ्याला सांगता यावा.' बाकीची उद्दिष्टं तुम्ही विद्यापीठाच्या भाषेत लिहिली होती, ही एकच घरातल्या भाषेत. तेव्हा अन्नशास्त्र विभाग म्हणजे रसायनशास्त्राच्या मागची एक खोली, त्यात एक ओव्हन आणि एक तराजू. नमुने विकत आणायचे नाहीत हा तुमचा नियम. दर सोमवारी प्रत्येकानं रात्रीचं उरलेलं डब्यात घालून आणायचं आणि डब्यावर नाव लिहायचं नाही. उरलेल्यावरून घर कळतं, ते कळायला नको, असं तुम्ही म्हणायचात. एकदा कुणाच्या तरी आंबलेल्या आमटीला मी नाक मुरडलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "नाक मुरडायचं ते घरी. हितं नाक वास घ्यायला असतं." वर्गात तुम्ही जपून, पुस्तकी बोलायचात. असं एखादं 'हितं' आलं की आम्ही वहीतून मान वर करायचो.

माझी अडचण वेगळी होती. वडील कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, मी सोलापुरात गावाकडच्या मुलांबरोबर एका खोलीत. दोन डब्यांत चौघं जेवायचो, उरणार काय? मग एका सोमवारी मी सकाळी वाटेतल्या मावशींकडून ज्वारीची भाकरी घेतली आणि रात्रीची म्हणून ठेवून दिली. तुम्ही डबे उघडत येता, माझ्या भाकरीचा तुकडा मोडायला जाता आणि तो वाकतो. रात्रीची भाकरी उन्हाळ्यात वाकत नाही. डब्यावर नाव नाही, पण माझा चेहरा बघून तुम्हाला कळलेलं असतं. सगळे जेवायला गेल्यावर मला थांबवता आणि विचारता, असं का केलंस. मी सांगतो, आमच्यात उरतच नाही.

तुम्ही बराच वेळ हात धूत राहिलात. मग म्हणालात, "आमच्याकडं उलटं होतं. दुसऱ्याचं उरलेलंच यायचं."

तुमची आई लग्नघरी भांडी घासायला जायची. लोकांची जेवणं उरकली की मागच्या दारानं उरलेलं मिळायचं, ते पातेल्यात घेऊन यायची. वस्तीत सगळ्यांचंच तसं. एकदा भर उन्हाळ्यात तिनं भात आणि आमटी आणली, रात्रभर झाकून ठेवली, दुसऱ्या दिवशी दुपारी वास घेऊन बघितला आणि तुमच्या धाकट्या भावाला वाढलं. संध्याकाळपर्यंत तो उलट्यांनी गळून गेला आणि दवाखान्यात पोचायच्या आत वारला. शेजारीपाजारी म्हणाले, पोराला नासकं घातलं. तुमची आई शेवटपर्यंत एवढंच म्हणत राहिली, 'शिळं होतं, नासलं नव्हतं.' कुणी विचारलं नाही तरी म्हणायची, चूल पेटवताना, पाणी भरताना.

"मी शिकले ते एवढ्यासाठीच," तुम्ही म्हणालात. "झाकलेल्या भातात जे वाढतं, त्याला दरवेळी वास येतोच असं न्हाय. आईचं नाक चुकलं नव्हतं. हे मला पुस्तकात सापडलं, तवा सांगायला आई न्हवती."

तुम्ही टॉवेलला हात पुसले आणि पुन्हा नेहमीच्या आवाजात म्हणालात की हे इथंच राहू दे, विभाग कुणाच्या दयेवर उभा राहायला नको. शेवटच्या आजारात मी दवाखान्यात मऊ भात घेऊन आलो होतो, तेव्हाही तुम्ही आधी विचारलंत, कधीचा आहे. तासाभरापूर्वीचा, म्हटल्यावर दोन घास घेतलेत.

आता विभागाला स्वतःची इमारत आहे. दुधाची प्रयोगशाळा वेगळी, ज्वारीच्या पदार्थांची वेगळी. नमुने कंपन्यांकडून सीलबंद येतात. डबे कुणी आणत नाही. तपासणीला समिती येणार म्हणून उद्दिष्टं नव्यानं लिहायला काल सगळे बसलो होतो. विभागप्रमुख माझ्यापेक्षा लहान आहेत, माणूस चांगला आहे. तुमची ओळ वाचून एक सहकारी म्हणाला, "पालक विचारतील की, पोरगं शिकायला पाठवलंय का उष्टी काढायला?" सगळे हसले. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. प्रमुखांनी मात्र हसणं थांबवून मला विचारलं, "सर, तुम्ही इथले सगळ्यांत जुने. ह्या ओळीमागं काही असेल तर सांगा, आपण ठेवू."

ते खरंच थांबले होते. मी सांगितलं असतं तर ओळ राहिली असती. मी म्हणालो, "मॅडमचे शब्द आहेत." त्यांनी आणखी थोडी वाट पाहिली आणि पुढं सरकले. आता तिथं 'अन्नपदार्थांच्या टिकवणक्षमतेचे शास्त्रीय मूल्यमापन' असं आहे. चूक काही नाही त्यात. ते वाचून कुणी आपल्या आईला काही विचारायला जाणार नाही, एवढंच.

काल दिवसभर मी स्वतःला सांगत होतो की मी तुमचा शब्द पाळला. बायकोलाही तेच सांगितलं. हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. तुम्ही कुणाला सांगू नको म्हणाला होतात, हे त्या क्षणी माझ्या मनातही आलं नव्हतं. तोंड उघडलं असतं तर त्या सगळ्यांसमोर मला रडू आलं असतं, म्हणून मी गप्प बसलो.