तू पाठवलेल्या बटरच्या भांड्याबद्दल

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. वाकूनच करतो आहे, पण कंबर जिथे अडेल तिथून पुढचा पोचला असं समजावं. भाऊजींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून ते प्रत्येक पायरीला डॉक्टरांचा उद्धार करतात का? इकडे आम्ही दोघं ठीक. म्हणजे तुझं पार्सल येईपर्यंत होतो.

तुझ्या भेटवस्तूंबद्दल मी आजवर कधी बोललो नाही. (बोललो असेन, पण तुझ्या कानावर जाईल अशा बेताने नाही.) गेल्या वर्षी तू पाठीला लावायची उशी पाठवलीस, त्याआधी चपलांचं स्टँड. आपला भाऊ पोक काढून बसतो आणि त्याच्या दारात चपला अस्ताव्यस्त असतात, हे तू दोन पार्सलांत कळवलंस. यंदा बटरचं भांडं. तुझ्या भावजयीने फोनवर सांगितलं असणार, की फ्रिजमधलं बटर दगड होऊन बसतं, लावायला गेलं की ब्रेडच्या चिंध्या होतात आणि मोडून जुळलेल्या मनगटाला तेवढा जोर झेपत नाही. सगळं खरं आहे. फक्त मनगट मोडल्यापासून गेली चार वर्षं रोज सकाळी तिच्या ब्रेडला बटर मी लावतो, हे तिने सांगितलं नसणार.

हे काम लहान नाही. आधी बटर खरवडायचं, मग ते सुरीवर दाबून मऊ करायचं, मग ब्रेडला न दुखवता पसरायचं. दोन स्लाइसना दहा-बारा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ तिला समोर बसून राहावं लागतं. बसली की ती बोलते. रात्रीचं स्वप्न, शिवणाच्या क्लासातल्या बायकांचे रुसवेफुगवे, कुणी कुणाचं ब्लाउजचं माप चोरलं, सगळं. एरवी दिवसभर आमच्यात 'गॅस बंद केलात का' याच्या पुढे विषय जात नाही. ती दहा मिनिटं मला आवडतात. चौसष्टाव्या वर्षी हे लिहायला लाज वाटते, पण आवडतात.

आता तुझं भांडं. झाकणालाच आतून एक वाटी. तीत बटर भरायचं, ती उपडी करून तळाशी थोडं पाणी असलेल्या दुसऱ्या भांड्यात सोडायची. पाण्यामुळे हवा आत जात नाही, म्हणून बटर ओट्यावर राहूनही खराब होत नाही आणि मऊ राहतं. मी एकतीस वर्षं पाणीखात्यात गळत्या शोधल्या. बेसिनखालच्या वाकड्या पाइपात पाणी साचतं म्हणून गटाराचा वास वर येत नाही, त्यातलाच हा प्रकार, असं मी हिला समजावलं. खाताना गटार काढू नका, एवढंच ती म्हणाली.

पहिल्या दिवशी मी पाणी काठोकाठ भरलं. (जास्त पाणी म्हणजे जास्त बंदोबस्त, अशी आमच्या खात्याची समजूत होती.) वाटी आत सोडताच अर्धं पाणी ओट्यावर आणि तिथून हिच्या कापडाच्या तुकड्यांवर गेलं. दुसऱ्या दिवशी बटरमध्ये हवा राहू नये म्हणून मी ते वितळवून वाटीत ओतलं आणि गोठायची वाट न बघता उपडं केलं. ते इतक्या तत्परतेने खाली आलं, की आमच्या खात्याचं पाणी तसं एकाही नळाला आलं नव्हतं. मग हिने खोक्यातली सूचनांची चिठ्ठी काढून वाचली. (चिठ्ठी वाचून काम करणं ही मी शरणागती समजतो, पण हिला त्याचं काही वाटत नाही.) चमच्याने बटर दाबून भरलं, खुणेपर्यंत गार पाणी घातलं, झालं. दुसऱ्या सकाळी तिने स्वतःच्या हाताने अर्ध्या मिनिटात दोन स्लाइस लावले, उभ्या उभ्या खाल्ले आणि पर्स उचलली. मी सुरी घेऊन तयार बसलो होतो. "आता तुम्ही निवांत पेपर वाचा," म्हणाली आणि क्लासला गेली. मी पेपर वाचला. त्यात काही नव्हतं.

पण त्यानंतर भांडं बिघडलं. रोज सकाळी बघावं तर बटरचा गोळा वाटीतून निसटून पाण्यात तरंगतोय. चौथ्या दिवशी हिने आपल्या भावाला बोलावलं. तो फ्रिज दुरुस्त करतो आणि फ्रिजबाहेरची प्रत्येक खाण्याची वस्तू त्याला अनाथ वाटते. त्याने ओट्यावर तापमापक ठेवला, दोन तास बसला, तेवढ्यात आमचा अर्धा ब्रेड संपवला आणि ओटा तापतोय असा निकाल दिला. भांडं खिडकीत ठेवलं, मग कपाटात ठेवलं. बटर पडतच राहिलं. तेव्हा ताई, दोष भांड्यात आहे. तू हिला दोन ओळी लिही, की दुकानदाराने फसवलं, परत पाठवून दे. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
धाकटा

ता. क. भांड्यात दोष नाही. पाणी बदलायचं खातं माझ्याकडे आहे आणि मी हिच्या आधी उठून किटलीतलं गरम पाणी घालतो. मेहुण्याने ओटा मोजला, खिडकी मोजली, पाण्यात बोट घालायचं काही त्याला सुचलं नाही. हे पोटात ठेव आणि भांडं परत मागव.

ता. क. दुसरा (आज सकाळी). पाकीट शोधायला आत गेलो तेवढ्यात हिने पत्र वाचलं. तिला म्हणे सगळं पहिल्याच दिवशी कळलं होतं, कारण गार पाण्याच्या भांड्यातून वाफ निघत नाही. मग भावाला कशाला बोलावलंस, असं मी विचारलं. तर म्हणाली, तुम्ही कुठवर ताणता ते बघत होते; एवढं बटर बुडवण्यापेक्षा 'जरा बस' म्हणाला असतात तर बसले नसते का? ताई, हे मला खरंच सुचलं नव्हतं.

म्हणून भांडं परत मागू नकोस. आज ती बसली. माझ्याही ब्रेडला तिनेच बटर लावलं, हाताची घडी घातली आणि म्हणाली, चार वर्षं मी बोलले, आता तुम्ही बोला. मी हवामानाबद्दल दोन वाक्यं बोललो आणि संपलो. तिची घडी काही सुटली नाही. तेव्हा उलटटपाली काहीतरी बातम्या कळव, तुमच्या शेजाऱ्यांच्या असल्या तरी चालतील. उद्याचं मी कसंबसं निभावेन, परवापासून माझ्याकडे काहीही नाही.