थरथरती सही

वेंडेल,

थँक्सगिव्हिंगच्या जेवणात तू म्हणालास, "माझं मत चोरलं." माझी रोझी म्हणाली, "मामा, टर्की खाऊन घे, नाहीतर तीही चोरतील." सगळे हसले. मीही हसले. तू भरल्या ताटावरून उठून गेलास.

निवडणुकीत टपालाने आलेल्या मतांच्या पाकिटांवरच्या सह्या कचेरीतल्या नोंदीशी जुळतात का, हे मी तपासत होते. शेजारी तुमच्या पक्षाची एक बाई होती; दोन्ही पक्षांचं माणूस हवं, नियमच तसा आहे. तुझं पाकीट निघालं. नोंदीतली जुनी सही ठसठशीत आणि ही वेडीवाकडी. ती म्हणाली, "जुळत नाही हो. काय करायचं?"

अर्धांगाच्या झटक्यापासून तुझा हात थरथरतो, हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. तुझं मत कुणाला असणार, हेही. मी म्हणाले, "नियम म्हणजे नियम."

सही दुरुस्त करा, नाहीतर मत बाद, असं पत्र तुला आलं असणार. पण सरकारी पाकिटं तू न उघडताच शेगडीत टाकतोस, आणि त्याच भरवशावर मी होते.

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर खरं बोलणारा तू एकटाच होतास.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. टाकलंच, तर निवडणूक कचेरीच्या पाकिटात घालून टाकेन.

हात न थरथरलेली, तुझी थोरली बहीण
लोर्ना