अ‍ॅडमिन, ‘ऊबदार कुटुंब’

८ जानेवारी
आजपासून रोजनिशी. पुढे कुणी विचारलं, मुकिमजान-आका, हे सगळं उभं कसं केलंत, तर तारखा हाताशी हव्यात.

काल कोकंदला ताश्कंदहून एक ट्रेनर आला होता. हॉटेलच्या हॉलमध्ये दिवसभराचं शिबिर. चहा पाच वेळा, तंदुरातला समसा एकदाच. विषय: फोनवरच्या ग्रुपमधून गिऱ्हाईक कसं जोडून ठेवायचं. तो म्हणाला, माल विकू नका, कुटुंब बनवा, माल आपोआप खपेल. बाकीचे लिहून घेत होते. मी घेतलं नाही. अठरा वर्षं शाळेत उपमुख्याध्यापक होतो. आठशे पोरं एका शिट्टीत रांगेत उभी करायचो. कुटुंब म्हणजे तरी दुसरं काय?

९ जानेवारी, सायंकाळ
ग्रुप तयार. नाव ‘ऊबदार कुटुंब’. बनवायला चार मिनिटं लागली, नियम लिहायला पाच तास. एकूण चौदा नियम.

आमचं गादी-दुलयांचं दुकान. शिवते खोसियत, म्हणजे बायको. मुलीचं लग्न ठरलं की रुखवताच्या गाद्यांसाठी अर्धं कोकंद आमच्याकडे येतं. लोक म्हणतात, खोसियतच्या हातासाठी येतं. दुकान कोपऱ्यावर आहे, दोन्ही रस्त्यांनी दिसतं, हे कुणी लक्षात घेत नाही.

ऑर्डरच्या जुन्या वहीतले ३१२ नंबर ग्रुपमध्ये घातले. खोसियत म्हणाली, “अहो, आधी विचारायचं तरी.” घरच्या माणसांना कुणी विचारतं का?

रात्रीच्या जेवणापर्यंत २४० उरले. गळती व्हायचीच. शाळेतही पहिल्या आठवड्यात व्हायची.

१२ जानेवारी
रोज पहाटे सहाला गुलाबाचा फोटो आणि शिस्तीवर एक सुविचार. स्वतः रचलेला.

आज एका बाईंनी लिहिलं, “नवरा विचारतोय, पहाटे सहाला गुलाब पाठवणारा हा कोण?” मी उत्तर दिलं, कुटुंबप्रमुख. त्या लगेच ग्रुप सोडून गेल्या. त्यांच्या घरचं काहीतरी असेल.

१५ जानेवारी
फोटो-स्पर्धा जाहीर केली होती: आमच्या दुलईसोबत तुमचा आनंदी क्षण. एकच प्रवेशिका आली. दुलईवर मांजर. दुलई पलीकडच्या बाजारातली. स्पर्धा रद्द. मांजराला चार जणांनी बदाम पाठवले, ते मात्र काढता येत नाहीत.

१६ जानेवारी
कापूस महाग झालाय. एका कापडगिरणीचा चुरा मिळतोय, चिंध्या पिंजून केलेला. रंग राखाडी, पण आत कोण बघायला जातो? खोसियतला नमुना दाखवला. तिने चिमटीत धरला, वास घेतला, आणि परत देत म्हणाली, “हे गाढवाच्या पाठीवर टाका.”

बरं, म्हटलं. परत पाठवतो.

पाठवला नाही. मधला थर चुऱ्याचा, वर-खाली चांगला कापूस. भरायचं काम माझ्याकडे, शिवायचं तिच्याकडे. प्रत्येकाने आपापल्या खात्यापुरतं बघावं. मी याला मिश्रण म्हणतो. फसवणूक वेगळी असते.

२८ जानेवारी
पहिली तक्रार. ओयसारा-ओपा. वय ७४, निवृत्त सुईण, ग्रुपमधल्या निम्म्या बायका हिच्याच हातून जगात आल्या. त्यामुळे हिला वाटतं, सगळं जग आपलंच. ग्रुपवर लिहिलं, “दहा दिवसांत दुलईच्या गुठळ्या झाल्या. पोटावर दगड, पायावर वारा.”

५० सेकंदांत पुसलं. नियम सहा: सूचना खासगीत. वर एक नोंद पिन केली, दुलई घेऊन झोपायची योग्य पद्धत.

दुपारी म्हातारी काठी टेकत दुकानात. मी पद्धत समजावून सांगितली. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, खोसियत कुठंय? म्हटलं, कामात आहे. म्हणाली, “असू दे. तिला काही सांगू नकोस.” आणि गेली. म्हणजे पद्धत पटली असावी.

३ फेब्रुवारी
ग्रुपला जान आली! एका दिवसात ३८७ संदेश. ट्रेनर याला काहीतरी म्हणाला होता, शब्द आठवत नाही.

झालं असं. गुलसनम नावाच्या मुलीने विचारलं, उशीच्या खोळीला काठ कसा घालतात. वय वीसच्या आसपास, नवरा रशियात बांधकामावर, घरी पाच आठवड्यांची जुळी. खोसियतने आवाज रेकॉर्ड करून सांगितलं. तिचा आवाज, मागे शिलाई मशीनचा आवाज, मध्येच कपात चहा ओतल्याचा. लोकांना काय आवडेल सांगता येत नाही. मग सगळ्याच विचारायला लागल्या. टाके, मास्तावा सुपाची कृती, बाळाचं पोट दुखतंय, नणंद बोलत नाही. सगळ्यांना एकच ताई सापडली: खोसियत-ओपा, खोसियत-ओपा.

माझा सुविचार मधेच कुठेतरी वाहून गेला. आज चांगला जमला होता.

५ फेब्रुवारी
नऊ ऑर्डरी, सगळ्या ग्रुपमधून. माझी पद्धत बरोबर आहे. फक्त वातावरण सैल झालंय. गप्पांसाठी दुपारी दोन ते तीन ही वेळ ठरवून दिली.

खोसियत म्हणाली, “सुई जड जाते आजकाल. मधे काहीतरी अडतं.” म्हटलं, वय झालं, चष्मा बदल. तिने खिडकीपाशी जाऊन बोटं न्याहाळली. चष्म्याचं काम या आठवड्यात करून टाकतो.

९ फेब्रुवारी
दोन ते तीन कुणी पाळत नाही. साडेचारला बाळाला गुटी किती द्यायची यावर चर्चा. सुरुवात करणारी: खोसियत.

नियम सगळ्यांना सारखे. तिला सात दिवस म्यूट केलं. घरच्या माणसालाही सोडत नाही हे बघून सभासदांवर चांगला परिणाम होईल.

तिने फोन बघितला. माझ्याकडे बघितलं. नान मोडून माझ्या ताटात ठेवला आणि म्हणाली, “मला बोलायला बंदी केलीत?” म्हटलं, फक्त ग्रुपवर. हसली. कशाला हसली, विचारायला हवं होतं.

१३ फेब्रुवारी
ग्रुपमध्ये संपूर्ण शांतता. चार दिवसांत माझे आठ संदेश आणि एक बातमी. ती चुकून आली होती, पाठवणाऱ्याने माफी मागून काढली. अशी शिस्त शाळेतही क्वचित दिसायची.

खोसियत हल्ली फोन घेऊन अंगणात बसते, हळू आवाजात बोलते, हसते. बहिणीशी बोलत असेल. बहिणीशी इतकं कधी पटत नव्हतं.

१६ फेब्रुवारी
दोन दिवस सतत बर्फ. सकाळी सव्वाअकराला गुलसनमचा संदेश: खोलीचं छत बसलं, बाळं वाचली, सासूचा पाय दुखावला, अंथरूण-पांघरूण सगळं चिखलात. कुणाकडे काही असेल तर.

नियम नऊ: वैयक्तिक मदतीची मागणी नको. शिवाय वेळ सव्वाअकरा. पुसलं. पुसताना वाईट वाटलं, हे इथे नोंदवून ठेवतो.

पण मी दगड नाही. दुपारी विचार केला, यातून एक मोहीम होऊ शकते. ‘ऊबदार कुटुंब आपल्या लेकीच्या पाठीशी.’ उद्या स्वतः जाऊन एक दुलई देतो, फोटो काढतो, फोटो पिन करतो. दुकानात तयार असलेली मोठी लाल घेतली. सॅटीनची, फोटोत उठून दिसेल.

खोसियत सकाळपासून घरात नाही. मशीनही जागेवर नाही. दुरुस्तीला दिलं असेल.

१७ फेब्रुवारी
लिहायचं नव्हतं. पण मोठी माणसं सगळं लिहितात.

नवा कोट घालून गुलसनमच्या घरी गेलो. वाटलं होतं, पडकं घर, रडणारी मुलगी, मी. फाटक उघडलं तर अंगणात पन्नास-एक बायका. बर्फ झाडून चटया टाकलेल्या, दोन चुली, एकीवर पलाव. पुरुष छतावर पत्रे ठोकत होते. शेजारच्या खोलीत कापसाचे ढीग आणि मधोमध आमचं मशीन. मशीनवर खोसियत. तोंडात टाचण्या, मांडीवर गुलसनमचं एक बाळ, पायाने मशीन चालू. इतकी सुंदर ती मला कधी दिसली नव्हती. हे वाक्य नंतर खोडून टाकीन.

चेहरे सगळे ओळखीचे. माझ्याच ग्रुपमधले. जे दोन ते तीनमध्येही बोलत नव्हते, ते सगळे एकाच वेळी बोलत होते.

म्हटलं, सभासदहो. कुणी वळलं नाही. एकजण म्हणाली, “आका, बूट बाहेर.”

बूट काढले. लाल दुलई पुढे केली, फोन काढला, फोटोसाठी गुलसनमला जरा उजेडात यायला सांगितलं. तेवढ्यात ओयसारा-ओपा उठली. दुलई हातात घेतली, दाबली, कानाजवळ नेली. मग खोसियतला म्हणाली, “पोरी, वीस दिवस गप्प बसले. तुझ्या घरात आग नको म्हणून. पण हे आता बाळांच्या अंगावर जाणार.” आणि कात्रीने कोपरा उसवला.

वर पांढरा कापूस. मग ती बोटं आत घालून ओढत गेली. राखाडी चुरा, दोरे, एक अख्खं बटण. बाळाच्या पायांपाशी छोटासा ढीग झाला.

एकेक करून सगळ्या बायका त्या ढिगाकडे बघायला लागल्या. इतकी शांतता मला हवी असायची.

मी मिश्रणाबद्दल सांगायला लागलो. कापसाचा भाव, वजन, मधला थर. खोसियतने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीत खोचल्या. विचारलं, “किती दुलयांत?”

म्हटलं, सगळ्या नाही.

“किती?”

“जानेवारीच्या सोळा तारखेपासून.”

ती म्हणाली, “त्यावर माझे टाके आहेत.” एवढंच. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. तिने मान खाली घातली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

फोटो काढला नाही. निघताना एक बूट सापडेना. तो शोधून द्यायला गुलसनमच उठली, कडेवर दुसरं बाळ घेऊन.

१८ फेब्रुवारी
खोसियत ओयसारा-ओपाकडे राहतेय. थकली आहे, तिला विश्रांतीची गरज आहे. दोन-तीन दिवस.

ग्रुपवर निवेदन टाकलं: काही घटकांकडून गैरसमज पसरवले जात आहेत. २११ पैकी १४० जण निघून गेले. उरलेले बहुधा पटलेले आहेत.

२४ फेब्रुवारी
दारात दुलया परत येतायत. लोक आत येत नाहीत, पायरीवर ठेवून जातात. आज सहा. काल नऊ होत्या.

कळलं की खोसियत घरोघर जाऊन सांगतेय, माझ्या हातची दुलई उसवून बघा, राखाडी निघाली तर आणा, नव्याने भरून देते. स्वतःच्या नावाला कुणी असा बट्टा लावून घेतं का? कुणी शहाणा माणूस असं करणार नाही.

मजा म्हणजे लोक तिलाच नव्या ऑर्डरी देतायत.

२ मार्च
त्यांचा ग्रुप सापडला. नाव ‘अंगण’. मी खोसियतला म्यूट केलं त्याच संध्याकाळी उघडलेला. सभासद १४३१. नियम बघायला गेलो. नियमांची जागा रिकामी.

प्रवेशाची विनंती पाठवली. अनुभवी माणूस म्हणून त्यांना माझा उपयोग होईल.

५ मार्च
मी ओयसारा-ओपाच्या घरी गेलो. खोसियत फाटकापर्यंत आली. हातात दोरा गुंडाळलेला. म्हटलं, म्यूट काढलंय, कधीच काढलंय. म्हणाली, “माहीत आहे.” म्हटलं, मग बोलत का नाहीस? म्हणाली, “बोलते की. दिवसभर बोलते.”

जेवलात का, असंही विचारलं तिने. हो म्हटलं. जेवलो नव्हतो.

११ मार्च
आमच्या ग्रुपमध्ये आता नऊ जण. त्यात मी, माझा दुसरा नंबर, रशियातल्या ओम्स्कमधला चुलतभाऊ ज्याने ग्रुप कधी उघडलाच नाही, आणि घरबसल्या श्रीमंत होण्याच्या जाहिराती टाकणारी तीन खाती. ती तिघं नियमित लिहितात.

पहाटे सहाचा सुविचार बंद केला. कुणी विचारलं नाही. तात्पुरताच बंद आहे.

१९ मार्च, सकाळ
‘अंगण’मध्ये घेतलं. सतरा दिवसांनी.

लगेच लिहायला बसलो. चौदा ओळी झाल्या. शिबिरात ऐकलेलं, गर्दी कशी हाताळायची, माझं कुठे चुकलं असू शकतं पण का चुकलं, दुकान पुन्हा एकत्र चालवायचं तर कामाची वाटणी कशी. वाचून पाहिलं. एकेक ओळ पुसत गेलो. शेवटी एवढंच पाठवलं: मी मुकिमजान. खोसियतचा नवरा.

खोसियतच्या नावाखाली ‘ऑनलाइन’ दिसत होतं.

दहा मिनिटांनी उत्तर आलं. गुलसनमचं. नव्याने आलेल्यांना तीच उत्तर देते, दुलयांच्या ऑर्डरीही तीच घेते, असं वर लिहिलंय. सगळ्यांना एकच मजकूर जातो.

“स्वागत आहे आका. दुलई एकाची हवी की दोघांची?”

अर्धा तास थांबलो. खोसियत अजून ऑनलाइन होती. कुणाला तरी काठाचे टाके समजावत होती.

लिहिलं, एकाची.